खळ वाळायच्या आत

“मग हे तिला पाठवलंस का?”

“अजून नाही, अक्का.”

“कधीपासून लिहिते आहेस?”

ऋजुताने मनात हिशेब केला. जुईला पहिला दात आला तेव्हा तिसरा खर्डा चालू होता. आता वर चार, खाली दोन दात आहेत.

“आठ महिने झाले.”

“एका पत्राला?”

“पत्र नाही अक्का. अभिप्राय.”

अक्कांनी मान डोलावली. एखाद्याने आजाराचं नाव सांगावं आणि ऐकणाऱ्याने ‘असं होय’ म्हणावं, तशी.

यमुनाअक्का नदीकाठच्या मठातलं पोथीघर सांभाळत. वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पन्नास वर्षं त्या जुन्या, हातानं लिहिलेल्या पोथ्या वाचत आल्या होत्या आणि वाचता वाचता दुरुस्त करत आल्या होत्या. वाळवीने खाल्लेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी, गव्हाच्या पिठाची खळ, एक कुंचला. त्यांचं सगळं शास्त्र एवढंच. बाकी त्या काही शिकवत नसत, तरी लोक त्यांच्याकडे शिकायला येत.

ऋजुता तशीच आलेली. गावातल्या कॉलेजात मराठी शिकवणारी, सध्या बाळंतपणाच्या, तीही वाढवून घेतलेल्या रजेवर. जुनी अक्षरं वाचता यावीत म्हणून तीन महिने ती दर गुरुवारी दुपारी मठात येत होती, कडेवर लेकीला, जुईला घेऊन. “मी गुरू केलाय,” असं तिने घरी सांगितलं होतं. अक्का मात्र तिचा उल्लेख ‘ती गुरुवारची’ असा करत.

ऋजुताचा स्वतःचाही एक ब्लॉग होता. वाचलेल्या पुस्तकांवर ती तिथे लिहायची. दीडदोनशे माणसं नेमाने वाचत आणि तिला चांगल्या-वाईटातलं कळतं असं म्हणत. आपल्याला काही कळत नाही अशी तिला दाट शंका होती. आणि हे लोकांना कळू नये, अशी त्याहून दाट इच्छा.

“कोण आहे ही बाई?” अक्कांनी विचारलं.

“सुलभा म्हणून आहेत. आडनाव लावत नाहीत. कुठल्या गावच्या, तेही माहीत नाही. ‘माळ्यावरचं’ नावाचा ब्लॉग लिहितात. म्हणजे... फोनवर वाचायची वही समजा. कुणीही उघडून वाचू शकतं.”

“आणि खाली कुणीही लिहू शकतं.”

“हो. तुम्हाला माहीत आहे?”

“मठात राहते मी, गुहेत नाही.”

ऋजुता ओशाळली. मग मुद्द्यावर आली.

“त्या आज संध्याकाळी ब्लॉग बंद करतायत. सोमवारी लिहिलं त्यांनी. ‘सात वर्षं झाली. विहिरीत बोलल्यासारखं वाटतं. विहीर तरी परत बोलते. गुरुवारी दिवेलागणीला हे सगळं पुसून टाकणार आहे.’ एवढंच. आणि माझा अभिप्राय अजून...”

“चांगला झाला नाही.”

“शेवट जमत नाहीये. तुम्ही एकदा ऐकलात तर...”

अक्कांनी हातातला कुंचला खळीच्या वाटीशी ठेवला. “वाच.”

ऋजुताने पिशवीतून कागद काढले. छापून आणले होते. साडेतीन पानं. घसा साफ करून तिने सुरुवात केली.

“‘माळ्यावरचं’ या अनुदिनीतील लेखन नित्याच्या वस्तूंमधून स्मृतीचा प्रदेश उलगडत नेते. त्यातील अल्पाक्षरी शैली, तपशिलांची संयत मांडणी आणि भावनेपासून राखलेले कलात्मक अंतर...”

“अक्का, जुईनं खळ तोंडात घातली!”

जुई रांगत वाटीपर्यंत पोचली होती आणि चार बोटं चाटत होती. ऋजुताने कागद टाकले आणि झेप घेऊन तिला उचललं.

“गव्हाची आहे,” अक्का म्हणाल्या.

“पण मोरचूद? कीड लागू नये म्हणून तुम्ही खळीत मोरचूद घालता ना? तुम्हीच सांगितलं होतं. विषारी असतं ते. डॉक्टरकडे...”

“गुरुवारी घालत नाही.”

ऋजुता जुईची बोटं पदराने पुसत होती, ती थांबली. तिने आठवून पाहिलं. गेल्या गुरुवारीही वाटीतली खळ पांढरी होती. त्याच्या आधीही. इतर दिवशी ती हिरवट निळी असते असं मठातल्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या होत्या.

तिने पुन्हा कागद उचलले आणि दुसरं पान संपवलं. मग तिसरं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. झोपल्यात की काय, असं वाटून ऋजुताने शेवटचं अर्धं पान जरा मोठ्याने वाचलं.

“संपलं,” ती म्हणाली.

“हे कुणाबद्दल आहे?”

“त्यांच्याबद्दल. सुलभाबाईंबद्दल.”

“असेल. मला त्या बाईनं काय लिहिलंय ते कळलं नाही. तू शिकलेली आहेस, ते कळलं.”

हेच वाक्य ऋजुताने स्वतःला आठ महिन्यांत निदान वीसदा ऐकवलं होतं. पण स्वतःला ऐकवणं वेगळं. त्यात पुढे ‘पण तसं नाहीये’ असंही म्हणता येतं.

“तिचं वाच,” अक्का म्हणाल्या. त्यांनी कुंचला खळीत बुडवला, समोरच्या पानाच्या फाटक्या कडेवरून फिरवला आणि डाव्या हाताने कागदाची पट्टी उचलली. “मी काम करते. तू वाच.”

ऋजुताने फोन काढला. शोधावं लागलं नाही. पान आपोआप तिथेच उघडायचं.

“‘धाकट्याचा स्वेटर उसवायला घेतला. म्हटलं, लोकर सरळ करून दुसरं काही विणू. पण लोकर सरळ होईना. धुतली, खाली वजन बांधून दोरीवर वाळत टाकली, तरी तिच्या लाटा जाईनात. नुसतं बोट फिरवलं की कळतं, कोपर कुठे होतं. मुलगा आता मिशीवाला झाला. असा स्वेटर होता हे त्याच्या लक्षातही नाही. लोकरीच्या आहे. गुंडा करून ठेवून दिला. याचं काही विणणार नाही.’”

ऋजुता थांबली. पोथीघरात काही आवाज नव्हता. जुई लाकडी पाटाची कड कुरतडत होती, तेवढाच.

अक्कांचा हात पट्टी धरून तसाच अधांतरी होता.

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं.

वाचून संपल्यावर बऱ्याच वेळाने अक्कांनी खाली पाहिलं. पानाच्या कडेवरची खळ वाळून पांढरी पडली होती. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली, ओलं फडकं घेतलं आणि सगळी कड हलक्या हाताने पुसून काढायला लागल्या.

“माझं काम वाया घालवलं तिनं,” त्या म्हणाल्या.

हा राग नव्हता, हे ऋजुताला उशिरा कळलं.

“खाली कुणी काय लिहिलंय?” अक्कांनी विचारलं.

“तिघांनी लिहिलंय. एका बाईंनी विचारलंय, स्वेटर किती टाक्यांचा होता. एकाने घरबसल्या वजन कमी करायचा काढा सांगितलाय. आणि एकाने लिहिलंय, ‘मस्त’.” ऋजुता हसली. “इतकं लिहिलेलं आहे हे, अक्का, आणि त्यावर मस्त. हॉटेलातल्या मिसळीला म्हणावं तसं.”

“मस्त नाहीये का?”

“आहे, पण...”

“मग तो खरं बोलला.”

“पण नुसतं मस्त म्हणून कसं चालेल? ज्या बाई एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाहीत, त्यांच्यासमोर काहीतरी ढिसाळ नेऊन ठेवायचं? मला तर लाज वाटेल. त्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं.”

“हं. ते तू केलंसच की. आठ महिने.”

ऋजुताला वाटलं, जुईला घ्यावं, ‘हिला भूक लागली’ म्हणावं आणि निघावं. जुईच्या भुकेचा तिला अशा वेळी फार आधार असायचा. पण जुई अगदी समाधानाने पाट खात होती.

“तू पहिल्यांदा हे कधी वाचलंस?” अक्कांनी विचारलं.

“ही दोन महिन्यांची होती.”

“वाचून काय केलंस?”

“मला वाटलं, की इतक्या साध्या वस्तूतून एवढं...”

“काय वाटलं ते साडेतीन पानं ऐकलं. काय केलंस?”

“काही नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.”

“न सांगण्यासारखं सांग.”

ऋजुताने खिडकीबाहेर पाहिलं. नदीच्या वाळूत कुणीतरी धुतलेली घोंगडी पसरून ठेवली होती.

“केस विंचरले,” ती म्हणाली.

अक्कांनी फडकं बाजूला ठेवलं.

“चार दिवस विंचरले नव्हते. ही रडायची आणि मी हिला घेऊन बसून असायची. आई बोलायची, सासूबाई बोलायच्या, मी हो हो म्हणायची आणि बसून राहायची. मला वाटायचं, मला हे जमणार नाहीये आणि सगळ्यांना ते कळलंय, फक्त कुणी बोलत नाहीये. त्या दुपारी ही अशीच उजव्या हातावर झोपली होती. डाव्या हातात फोन. काही दिसतंय म्हणून वाचत होते. मग हे वाचलं. दोनदा वाचलं. हिला आईकडे दिलं आणि उठून केस विंचरले. गुंता फार होता. अर्धा तास लागला.” तिने जुईकडे पाहिलं. “मग जेवले.”

“हे यात कुठे आहे?” अक्कांनी साडेतीन पानांकडे बोट दाखवलं.

“ते कसं घालणार? ते... साहित्याबद्दल नाहीये ना.”

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. भिंतीतल्या फडताळातून त्यांनी लाल बासनात बांधलेली एक पोथी काढली, बासन सोडलं आणि सुटी पानं एकेक करून डावीकडे ठेवत गेल्या. एका पानाशी खूण होती. पातळ कागदाची एक पट्टी, फार सुरेख कापलेली.

ऋजुताने ती पट्टी ओळखली. तिचीच होती. दुसऱ्याच गुरुवारी अक्कांनी तिला एक पान दुरुस्त करायला दिलं होतं. पानाला खळ लावून झाल्यावर ती पट्टी कापायला बसली. कड तिरकी गेली म्हणून दुसरी कापली, दुसरीला तंतू सुटले म्हणून तिसरी. तिसरी अगदी मनासारखी झाली. तोवर खळ वाळून गेली होती. अक्का तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. ही पट्टी त्यांनी ठेवून घेतली, हे मात्र तिला आज कळलं.

“हे वाच,” अक्कांनी पानाच्या समासाकडे बोट दाखवलं.

मधला मजकूर काळ्याभोर शाईत, एकसारखा, घोटीव. समासात मात्र दुसऱ्याच हाताने, तपकिरी पडलेल्या शाईत, वेडंवाकडं काही खरडलेलं. दोन शब्द. तीन महिन्यांचं शिक्षण पणाला लावून ऋजुताने ते लावले.

“येथे... थांबलो.”

“बरोबर.”

“हे कुणी लिहिलंय?”

“कुणीतरी वाचणाऱ्यानं.”

“थांबलो म्हणजे? वाचन त्या दिवशी इथवर झालं, असं? की मजकूर इतका आवडला की... शाई वेगळी दिसते अक्का, काळ कोणता असेल? याच्यावर कुणी काम केलंय का? यावर लिहायला पाहिजे कुणीतरी.”

“लिहिशील. आठ महिन्यांत.”

अक्कांनी समासावरून, अक्षराला न लावता, बोट फिरवलं. “अक्षराच्या वळणावरून सांगते. हा माणूस इथे थांबला तेव्हा ज्यानं मधला मजकूर लिहिला तो जाऊन शंभर वर्षं झाली होती. थोडी अधिकच.”

“म्हणजे त्याला कधी कळलंच नाही.”

“कसं कळणार?”

अक्का पानं पुन्हा एकावर एक रचायला लागल्या. खुणेची पट्टी त्यांनी परत जागच्या जागी घातली. बासनाच्या गाठीशी त्यांची बोटं जरा अडखळली.

“तुझी बाई जिवंत आहे,” त्या म्हणाल्या. “दिवेलागणीपर्यंत तिची वहीही आहे.”

खिडकीबाहेर घोंगड्यांवर झाडांच्या सावल्या लांबल्या होत्या. ऋजुताने फोनवर वेळ पाहिली. पाच वाजून गेले होते.

“मी हेच थोडं कमी करते,” ती कागद ओढून घेत म्हणाली. “पहिलं पान पूर्ण काढते. कलात्मक अंतरही काढते. पेन आहे का अक्का? दहा मिनिटांत...”

जुईने पाट सोडला आणि भोकाड पसरलं.

“झोप आलीय तिला,” अक्का म्हणाल्या. त्यांनी जुईला काखेत धरून उचललं, रडणारीच आणून ऋजुताच्या उजव्या हातावर ठेवली आणि तिचं डोकं ऋजुताच्या कोपराच्या खोबणीत नीट बसवलं. साडेतीन पानं जुईच्या पायाखाली चुरगळली. अक्कांनी ती हळूच ओढून काढली, घडी केली आणि खळीच्या वाटीवर झाकण म्हणून ठेवली.

जुई मुसमुसत राहिली. ऋजुता डोलत राहिली. पाच मिनिटांत पोरीचे डोळे मिटले.

“खाली ठेवू का हिला?” ऋजुता कुजबुजली.

“ठेव. उठेल.”

“मग मी लिहू कशी? हा हात अडकलाय.”

“वाचलं होतंस कसं?”

ऋजुताने अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी वाटीवरची घडी सारून नव्याने कुंचला बुडवला होता आणि त्या पुन्हा त्याच फाटक्या कडेला खळ लावत होत्या. आता पुढे काही बोलायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

तिने डाव्या हाताने फोन घेतला. अंगठ्याने ते पान उघडलं. खाली गेली. ‘मस्त’च्या खालची रिकामी चौकट उघडली. डाव्या अंगठ्याला जोडाक्षरं सापडेनात. ‘अल्पाक्षरी’ तर या अंगठ्याने जन्मात लिहून झालं नसतं. जेवढं सोपं होतं तेवढंच उतरत गेलं.

‘तुमचं स्वेटरचं वाचलं त्या दुपारी मी चार दिवसांनी केस विंचरले. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. आधी मला वाटत होतं की मला हे काही जमणार नाही. तेव्हापासून’

इथे तिचा अंगठा थांबला. तेव्हापासून काय? तेव्हापासून रोज विंचरते? ते खरं नव्हतं. तेव्हापासून तुमचं सगळं वाचलं, सात वर्षांचं, मागे मागे जात? खरं होतं, पण बेताचं होतं. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही जुन्या कपड्यावर आधी बोट फिरवून पाहते? हे जरा चांगलं होतं. हे जरा नीट घोळवलं तर...

जुईने हात झाडला. डोळे उघडले. एकदा आईकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि ओठ काढला. रडणं आता कुठल्याही क्षणी फुटणार होतं. आठ महिने हे असंच होत आलं होतं. जुई उठायची, ऋजुता फोन पालथा ठेवायची, ‘नंतर नीट लिहू’ म्हणायची, आणि नंतर नीट लिहायला बसायची.

जुईने सूर लावला.

ऋजुताने अंगठा दाबला.

चौकट रिकामी झाली. मजकूर वर जाऊन बसला, ‘मस्त’च्या खाली, आहे तसा.

ओरडणाऱ्या जुईला खांद्यावर टाकून, तिच्या पाठीवर थोपटत, फोन डोळ्यांशी नेत तिने तो पुन्हा वाचला.

“अक्का... वाक्य अर्धंच गेलं. ‘तेव्हापासून’, आणि पुढे काहीच नाही. पूर्णविरामसुद्धा नाही. खाली नाव घालायचं राहिलं. आता बदलताही येत नाहीये. सात वर्षं लिहिणाऱ्या बाई, आणि शेवटच्या दिवशी त्यांना हे असं... काय वाटेल त्यांना?”

अक्कांनी पट्टी उचलली, ओल्या खळीवर ठेवली आणि अंगठ्याने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाबत नेली. पट्टी जरा तिरकी बसली होती. त्यांनी ती तशीच राहू दिली आणि पान उजेडात धरून पाहिलं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “मूल उठलं असेल, म्हणेल.”